खुणांचा कागद

लाइफ जॅकेटच्या पट्ट्या मी दोनदा तपासते
मग प्रत्येकाला देते पुठ्ठ्यावर डकवलेला एक कागद:
अकरा प्राणी, अकरा चौकटी,
दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.
दिसला की खूण करा.
नाही दिसला तर पैसे परत मिळत नाहीत,
हे मी हसून सांगते.

नाळेवर बसलाय तो माझा बाप, लुपेर्सियो.
त्याला कागद वाचता येत नाही.
पाणी येतं.

डॉल्फिन सोपे.
शाळा सुटल्यासारखे येतात,
आमच्या बांकाच्या बांबूंखालून पलीकडे जातात
आणि सगळे फोन एकदम वर होतात.

कासवाला शोधू नका, थांबा.
वाटेल, करवंटी तरंगतेय.
करवंटी श्वास घेईल,
मग नसेल.

उडते मासे दिसले तर त्यांना नका बघू,
त्यांच्या मागे कोण लागलंय ते बघा.
आणि पक्षी एकाच जागी भांडत असतील
तर खाली कुणाची तरी पंगत बसलीये.

हे सगळं त्याचंच.
इंग्रजीत मी सांगते एवढंच.
तो नुसते ओठ पुढे काढून दिशा दाखवतो,
बोहोलमध्ये बोट कशाला वाया घालवायचं?

सोलहून आलेल्या बाई विचारतात,
यांना इतकं कसं कळतं?
मी म्हणते, अनुभव.

अनुभव म्हणजे
दोन्ही हातांत पोलादी आकडा धरून
तो अशाच एका नाळेवरून उडी टाकायचा
थेट पाठीवर,
अंगाचं सगळं वजन आकड्यावर.
एक देवमासा म्हणजे
अख्खं बेट सुऱ्या घेऊन किनाऱ्यावर,
कुत्र्यांनासुद्धा वाटा,
कपड्यांच्या दोरीवर वाळणारं मांस,
थोरल्या मेरीदेलची नर्सिंगची पहिली फी.

मग कायदा आला.
दोन वर्षं तो समुद्राकडे पाठ करून
खडकाळ जमिनीत कसावा लावत राहिला.
कसावा काही धरला नाही.
कर्ज काढून नारिंगी जॅकेटं मी आणली.
तो म्हणाला, बघायचे पैसे?
नुसतं बघायचे?

आज दुपारपर्यंत तीनच खुणा.
ऊन डोक्यावर, एक जण ओकतोय,
सोलच्या बाई छत्रीखाली झोपल्यात.
आणि त्याचे ओठ पुढे येतात.

इंजिन बंद.

आधी आवाज:
लांब कुणीतरी छपराचा पत्रा ओढल्यासारखा.
मग वास, नासक्या कोबीचा.
सगळ्यांनी नाकं धरली.
माझ्या बापाने छाती भरून घेतला.

मग पाठ.
करडी, निघतच राहिलेली,
संपली असं वाटल्यावर शेवटी इवलासा पर.

सगळे तिकडे बघत होते.
मी त्याचे पाय बघितले.
बोटांनी फळी घट्ट पकडली होती,
गुडघे किंचित वाकले होते,
उजवी मूठ वळली होती
कशावरही नाही.

चार मोजेपर्यंत.
मग तो खाली बसला
आणि दोरीचा गुंता सोडवू लागला, जो नव्हता.

डेन्मार्कचा एक मुलगा, दात पडलेला,
त्याला विचारतो,
तुम्हाला त्याने ओळखलं का?
मी भाषांतर करते.
बाप बराच वेळ पाण्याकडे बघतो.
देव करो, नाही, म्हणतो.

मी त्या मुलाला सांगते,
ते म्हणतात, कदाचित.

किनाऱ्यावर कागद गोळा करताना
ओले, मिठाने कडक झालेले,
एकाने तर अकराही चौकटींत खुणा केल्यात,
समुद्री गाय धरून,
जी मी स्वतः अजून पाहिली नाही.
बाप त्या मुलाचा कागद मागून घेतो.
यातला तो कुठला?
मी त्याचं बोट धरून चौकटीवर ठेवते.

पेन्सिलीची खूण,
खाली वळलेलं टोक, वर गेलेला लांब दांडा.
तो ती उन्हाकडे धरतो,
डोळे बारीक करतो.

लहान आहे आकडा, म्हणतो,
याने नाही धरायचा तो.

आणि पहिल्यांदाच आज हसतो,
कागद खिशात घालतो,
डबा घेऊन बोटीतलं पाणी उपसायला जातो.